गरोदरपणाची तपासणी कोणाकडे? गिरगाव ते परळचा आढावा

दक्षिण आणि मध्य मुंबईत गरोदर बाई नऊ महिने एकाच डॉक्टरकडे जाते असे क्वचितच घडते. दिवस गेल्याची खात्री घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे होते. नाव घातले जाते परळच्या केईएम किंवा वाडिया रुग्णालयात, मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये, नाहीतर दादर-गिरगावच्या एखाद्या खासगी प्रसूतिगृहात. सोनोग्राफी तिसरीकडेच होते, रक्त तपासायला चौथीकडे जाते. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण आटोपले की लालबागची पहिलटकरीण रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या माहेरी निघते आणि तिथे तिला तपासणारे डॉक्टर पुन्हा नवेच असतात. या भागात तज्ज्ञांची वाण नाही. रुग्णालयांची इतकी दाटी देशात फार थोड्या ठिकाणी असेल. अडचण येते ती एकाने पाहिलेले दुसऱ्यापर्यंत न पोचल्याने. म्हणून कोण काय तपासतो याच्या जोडीला, एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काय सुटून जाते हेही पाहावे लागते.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. गिरणगावातल्या चाळीत बाळंतपण सुईणीच्या हाती होई आणि तिला बोलावणे धाडले जाई ते कळा सुरू झाल्यावर. बाळंतपणाआधी प्रकृती तपासून घ्यायची असते ही कल्पना कामगार वस्तीत पोचायची होती. १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूंचे नोंदलेले प्रमाण हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या वर गेले होते. हा आकडा जपून वाचावा लागतो. बाळंतपणासाठी गावी गेलेल्या बाईच्या मुलाचा जन्म कोकणात नोंदला जाई आणि ते मूल परत आल्यावर दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे. त्यामुळे प्रमाण फुगत असे. तरीही एका खोलीत आठ-दहा माणसे राहणाऱ्या चाळींतली दशा भीषण होती यात शंका नाही. मुंबई आणि माहेर अशा दोन ठिकाणी विभागलेले बाळंतपण नोंदींचा कसा घोळ करते, हेही त्या आकड्याने तेव्हाच दाखवून दिले होते.

स्त्रियांनी स्त्रियांना तपासावे या विचाराने उभारलेले कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय १८८६ पासून सुरू आहे. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून ते उभे राहिले आणि इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्याची धुरा वाहिली. पुरुष डॉक्टरपुढे जायला न धजणाऱ्या बायकांना तिथे दार उघडले. पुढे १९२८ ते १९४७ या काळात तिथल्या प्रमुख होत्या डॉ. जेरुशा झिराड. मुंबईतल्या मातामृत्यूंची पद्धतशीर चौकशी त्यांनी १९३७-३८ मध्ये केली. गरोदरपणातच ओळखता आली असती अशी कारणे शोधणे हा अशा चौकशीचा गाभा असतो, आणि तपासणीला महत्त्व आले ते त्यातूनच. १९५० मध्ये स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

परळमध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि केईएम ही दोन्ही रुग्णालये १९२६ साली सुरू झाली. वाडिया उभे राहिले ते गिरणीत काम करणाऱ्या बायका आणि गिरणी कामगारांची कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून. पण रुग्णालय जवळ असून भागत नाही, तिथे जायला सुट्टी लागते आणि सुट्टीच्या दिवसांचा पगारही लागतो. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बाळंतपणाच्या आधी व नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ साली कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर कामगार राज्य विमा योजना आली आणि परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय विमाधारक कामगारांचे हक्काचे ठिकाण झाले. प्रसूती रजेचा देशव्यापी कायदा १९६१ मध्ये झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. घरकाम करणाऱ्या, खानावळीचे डबे करणाऱ्या किंवा घरी बसून माळा ओवणाऱ्या बाईला या रजेचा उपयोग होत नाही. तिच्या लेखी ओपीडीचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी, आणि तपासण्या चुकण्याचे ते एक मोठे कारण आहे.

आज महापालिकेची व्यवस्था तीन पायऱ्यांची आहे. खाली वस्तीतले आरोग्य केंद्र, मध्ये प्रसूतिगृह, वर केईएम, नायर, शीव यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये. शहरी वस्त्यांमधली आरोग्य केंद्रे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या साहाय्याने वाढली. तिथल्या आरोग्यसेविका चाळी आणि झोपडपट्ट्यांत घरोघर फिरून कोणाला दिवस गेले आहेत, कोणी नाव घातलेले नाही, कोण दोन महिने तपासणीला फिरकली नाही याची नोंद ठेवतात. सगळ्या साखळीत बाईच्या उंबऱ्यापर्यंत जाणारी ही एकटीच. तिचे मानधन आणि तिच्याकडून असलेल्या अपेक्षा यांचा मेळ कधीच बसलेला नाही, ही या व्यवस्थेची जुनी उणीव आहे.

आरोग्य केंद्रातली परिचारिका वजन, रक्तदाब, पोटाची उंची, बाळाचे ठोके पाहते, लघवीत प्रथिने व साखर आहे का हे तपासते, धनुर्वाताची लस देते, लोह-फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या देते. ही यादी साधी वाटते, पण गरोदरपणातल्या बहुतेक संकटांची पहिली चाहूल याच गोष्टींतून लागते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली गेले की तो गंभीर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. एवढे काम प्रशिक्षित परिचारिका डॉक्टरइतकेच चोख करते. डॉक्टर लागतो तो आकडा वेडावाकडा आल्यावर, आणि तेव्हा तो वेळेवर मिळायला हवा.

मधल्या पायरीवरची प्रसूतिगृहे, उदाहरणार्थ दादरजवळचे नायगाव प्रसूतिगृह, सुरळीत बाळंतपणांसाठी आहेत. शहराचे सगळे ओझे केईएमवर पडू नये हा त्यांचा उद्देश. लोकांची ओढ मात्र मोठ्या रुग्णालयाकडे असते, कारण ‘काही झालेच तर’ पुन्हा तिथेच पाठवणार हे सगळ्यांना ठाऊक असते. ही भीती निराधार नाही. प्रसूतिगृहातून मोठ्या रुग्णालयात धाडलेली बाई कागदाशिवाय पोचली, किंवा पुढच्यांना आधी कळवले गेले नाही, तर पहिला मोलाचा तास ओळख पटवण्यात जातो. शीव रुग्णालयातल्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने नेमके इथे लक्ष घातले. कोणत्या लक्षणाला कोणत्या पायरीवर पाठवायचे, सोबत कोणता कागद द्यायचा, पाठवण्याआधी कोणाला कळवायचे, याची घडी बसवण्यासाठी तिने महापालिकेबरोबर वर्षानुवर्षे काम केले. नवी इमारत किंवा यंत्र लागत नसल्याने हे काम डोळ्यांत भरत नाही. जीव वाचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मोठ्या रुग्णालयात नाव घातल्यावर ‘माझा डॉक्टर’ असा कोणी नसतो, असते ते युनिट. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. बाई दर वेळी त्याच वारी आली तर युनिट तेच राहते, तपासणारे निवासी डॉक्टर मात्र बदलत राहतात. त्यांच्यावर प्राध्यापकांची देखरेख असते. कळा सुरू होतात तेव्हा ज्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस असेल ते तिला घेते, म्हणजे प्रसूतीच्या खोलीत बहुधा अनोळखी चेहरेच भेटतात. अनेक बायकांना याचा धसका असतो, आणि दर वेळी सुरुवातीपासून सगळे सांगायचा कंटाळाही येतो. या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्याला दिसू शकते, मध्यरात्रीही भूलतज्ज्ञ व रक्तपेढी हजर असते, आणि हृदयाच्या झडपेचा आजार, मूत्रपिंडाचा विकार किंवा झटके असलेल्या बाईला इतर विभागांचे डॉक्टर त्याच आवारात मिळतात. अशा बाईने घरच्यांच्या आग्रहाखातर लहान प्रसूतिगृहात नाव घालणे धोक्याचे असते.

परळच्या आवारांत आणखी काही खास सोयी आहेत, आणि त्यांची माहिती शेजारच्या चाळीत असतेच असे नाही. केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रक्तविकारांचे गर्भावस्थेतील निदान होते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर हा प्रश्न पहिल्या तिमाहीतच सुटायला हवा, त्यामुळे उशिरा नाव घातलेल्या जोडप्याची संधी हुकते. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेला दुर्मिळ ‘बॉम्बे’ रक्तगट असलेल्या बाईसाठी दात्यांची जुळवाजुळव प्रसूतीच्या कितीतरी आधी करावी लागते. भारतातले पहिले वैज्ञानिक नोंदी असलेले टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्येच जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे ते संयुक्त यश होते. आज वंध्यत्वतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ हे पुष्कळदा वेगळे असतात. गर्भधारणेनंतर काही आठवड्यांनी बाई एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते, तेव्हा कोणती औषधे कधी थांबवायची हे लेखी असणे अगत्याचे ठरते.

खासगी प्रसूतिगृहांची परंपरा गिरगाव-दादरला जुनी आहे. चौपाटीलगतच्या रस्त्याला प्रसूतितज्ज्ञ डॉ. एन. ए. पुरंदरे यांचे नाव आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाला इथे हवी असते ती ओळख: सासूचे बाळंतपण ज्यांनी केले त्यांच्याच मुलाकडे किंवा सुनेकडे नाव घालायचे. एकच डॉक्टर पहिल्या भेटीपासून प्रसूतीपर्यंत असणे हा मोठाच दिलासा आहे. पण एकट्या डॉक्टरलाही रजा असते, परिषद असते, आजारपण असते. त्या दिवशी कोण येणार, भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ कुठून येणार, रक्त किती वेळात मिळणार आणि बाळाला अतिदक्षता लागली तर ते कुठे जाणार, हे प्रश्न नाव घालतानाच विचारायचे असतात. सिझेरियनचे प्रमाण हाही इथला खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे चतुर्थांश प्रसूती सिझेरियनने झाल्या, आणि खासगी रुग्णालयांतले प्रमाण सरकारीपेक्षा बरेच वर होते. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत, न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ऐन वेळी मोठ्या ठिकाणी हलवायची वेळ आली तर ही तरतूद माहीत असलेली बरी.

फॅमिली डॉक्टरचे काम गरोदरपणाची खात्री करून पाठवून देण्यापुरते नसते. ताप, खोकला, उलट्या, लघवीची जळजळ यांसाठी बाई त्यांच्याकडेच जाते आणि औषध घेऊन येते. त्या औषधाची नोंद प्रसूतितज्ज्ञाच्या फाइलमध्ये जात नाही. दुखण्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्या शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात वर्ज्य आहेत. हाच मुद्दा आयुर्वेदाला लागू आहे. वरळीच्या पोदार रुग्णालयासारख्या संस्थांत प्रसूतितंत्र आणि स्त्रीरोग हा पदव्युत्तर विषय शिकवला जातो, महिन्यागणिक आहाराची पथ्ये सांगितली जातात आणि मराठी घरांत गर्भसंस्काराचे वर्ग लोकप्रिय आहेत. आहार, विश्रांती, मनाचे स्वास्थ्य यांबाबतचा सल्ला उपकारकच असतो. भस्मे आणि काढे मात्र प्रसूतितज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊ नयेत, आणि या मार्गाने जाताना रक्तदाबाची व साखरेची तपासणी सुटता कामा नये.

सोनोग्राफी करणारे तज्ज्ञ बाईला जेमतेम अर्धा तास पाहतात, पण पुढचे अनेक निर्णय त्यांच्या कागदावर ठरतात. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. त्यामुळे नोंदणीकृत केंद्रातच सोनोग्राफी होते आणि प्रत्येक वेळी अर्ज भरून घेतला जातो. ११ ते १४ आठवड्यांत एक आणि १८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची दुसरी, या दोन सोनोग्राफी वेळेतच व्हाव्या लागतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट प्रवर्गांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली असली, तरी निदानाला उशीर झाला की कुटुंबाला विचार करायला सवड उरत नाही. तीन केंद्रांच्या तीन अहवालांवर प्रसूतीच्या तीन तारखा छापून येतात आणि घरात गोंधळ उडतो, हाही नेहमीचा अनुभव. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने पक्की केलेली तारीख पुढे बदलायची नसते. नंतरच्या अहवालातला फरक बाळाच्या वाढीबद्दल सांगतो. नव्या डॉक्टरने फक्त शेवटचा अहवाल पाहिला तर नीट न वाढणारे बाळ ‘तारीख चुकली असेल’ म्हणून नजरेआड होते.

माहेरी जाण्याचा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. आईच्या हातची देखभाल, मुंबईतल्या दहा बाय बारा खोलीत न मिळणारी मोकळीक आणि झोप, यांची किंमत कमी लेखू नये. अडचण वेळेची आहे. गरोदरपणातला वाढता रक्तदाब बहुतेकदा शेवटच्या तिमाहीत डोके वर काढतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाई डॉक्टर बदलते. सहाव्या महिन्यात ११०/७० असलेला रक्तदाब आठव्या महिन्यात १३६/८६ झाला, तर आधीचा आकडा ठाऊक असलेला डॉक्टर सावध होतो, नव्याला तो ‘ठीक’ वाटू शकतो. गर्भाशयाच्या मुखाला घातलेल्या टाक्याचेही तसेच. हा टाका जगाला दिला गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत कारकीर्द घडवलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी, १९५५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो साधारण ३६-३७ आठवड्यांना काढावा लागतो. टाका असतानाच कळा आल्या आणि गावच्या डॉक्टरला त्याची कल्पना नसेल तर गर्भाशयाचे मुख फाटू शकते. आरएच निगेटिव्ह बाईला २८ आठवड्यांच्या सुमारास इंजेक्शन दिले होते का, आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत ते द्यायचे आहे का, हेही कागदावाचून कळत नाही.

यावर उपाय जुनाच आहे: कागद बाईच्या हातात ठेवणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात गरोदर स्त्रीने आपल्या नोंदी स्वतःजवळ बाळगाव्यात अशी स्पष्ट शिफारस आहे. त्याच मार्गदर्शनाने भेटींची संख्या किमान आठ केली. भारतात किमान चार धरतात आणि महाराष्ट्रात सुमारे ७० टक्के बायकांच्या तेवढ्या होतात. आपल्याकडचे माता-बाल संरक्षण कार्ड याच कामासाठी आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून होणाऱ्या मोफत तपासणीत जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लावतात. खासगीत नाव घातलेल्या बाईकडे हे कार्ड पुष्कळदा नसते, असते ती त्या प्रसूतिगृहाची फाइल, आणि काही ठिकाणी ती तिथेच ठेवून घेतात. निघण्यापूर्वी तिची प्रत मागून घेणे हा बाईचा हक्क आहे. माहेरच्या डॉक्टरकडे आठव्या महिन्याच्या आधीच एकदा जाऊन नाव घालून ठेवले तर ऐन वेळची धावपळ टळते. मुंबईतच राहणाऱ्यांनाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते माणसांनी भरलेले असतात, तेव्हा त्या दिवसांतली तारीख असेल तर वाडिया-केईएमपर्यंतची वाट आधीच ठरवावी लागते.

या यादीत एक जागा अजून रिकामी आहे, ती पदवीप्राप्त सुईणीची. ब्रिटनमध्ये सुरळीत गरोदरपणाची तपासणी आणि प्रसूती प्रामुख्याने मिडवाइफच करते. कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात १५ चाचण्या आणि १७ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. मिडवाइफच्या सलग देखरेखीखाली असलेल्यांत मुदतपूर्व प्रसूती कमी आढळल्या. त्या चाचण्या श्रीमंत देशांतल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. भारताने डिसेंबर २०१८ मध्ये परिचारिकांना १८ महिन्यांचे प्रशिक्षण देऊन असा वर्ग घडवण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात आणि २०१८-२० मध्ये मातामृत्यूचे प्रमाण लाख जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले होते. म्हणजे रुग्णालयापर्यंत पोचण्याची लढाई बरीचशी जिंकलेली आहे. नायगावसारख्या प्रसूतिगृहांत अशी मिडवाइफ नेमली, तर बाईला निदान एक ओळखीचा चेहरा सलग मिळेल आणि केईएमच्या निवासी डॉक्टरांना खरोखर जोखमीच्या बायकांकडे लक्ष देता येईल. परळच्या गर्दीवर याहून परिणामकारक उपाय दिसत नाही.

प्रसूतीनंतर तपासणाऱ्यांची साखळी पुन्हा तुटते. बाळाच्या लसी माहेरच्या केंद्रात सुरू होतात आणि मुंबईच्या आरोग्य केंद्रात पुढे चालतात, कारण लसीचे कार्ड सगळे जपून ठेवतात. आईची तपासणी मात्र राहून जाते. गरोदरपणात मधुमेह निघालेल्या बाईची साखर प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते, कारण तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्यांचाही तो पुन्हा पाहायचा असतो. सव्वा महिन्याची बाळंतीण त्या वेळी गावी असते. मुंबईच्या डॉक्टरच्या दृष्टीने तिची प्रसूती दुसरीकडे झालेली, गावच्या डॉक्टरच्या दृष्टीने ती लवकरच परत जाणारी. ही चाचणी कोणी करायची हे प्रसूतीनंतर घरी सोडतानाच्या कागदावर तारखेसह लिहून देणे, आणि ती बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीच्या दिवशीच त्याच केंद्रात करणे, ही व्यवस्था मुंबईत आणि कोकणात दोन्हीकडे आज उपलब्ध असलेल्या मनुष्यबळात बसू शकते.